रक्ताच्या रिपोर्टात ताण कसा वाचायचा

इओसिनोफिल ही पांढरी रक्तपेशी लगेच डोळ्यांत भरते. लिशमन नावाच्या रंगाने रंगवलेल्या काचपट्टीवर बाकी सगळं जांभळट आणि निळसर असतं, आणि मध्येच केशरी-तांबड्या दाण्यांनी ठासून भरलेली ही एक पेशी समोर येते. गेली चोवीस वर्षं मी रक्तपेशी मोजायचं काम करते. शंभर पांढऱ्या पेशी मोजताना दोन-तीन इओसिनोफिल भेटणार, हे आता बोटांनाच माहीत असतं. सासऱ्यांच्या विस्मरणाच्या आजाराच्या तिसऱ्या वर्षी एका सकाळी मी माझ्याच रक्ताची काच बघत होते. शंभर पेशी मोजल्या, मग दोनशे मोजल्या, पण एकही इओसिनोफिल दिसेना. लिम्फोसाइटही विरळ होत्या, आणि जिकडे नजर जाईल तिकडे न्यूट्रोफिल. मला ताप नव्हता, खोकला नव्हता, कुठलं औषध चालू नव्हतं. आदल्या रात्री सासरे चार वेळा उठून दाराशी गेले होते आणि चारही वेळा मी त्यांच्या मागे होते, एवढंच काय ते घडलं होतं.

ती काच मी जपून ठेवली आहे. ‘ताणाने प्रतिकारशक्ती कमी होते’ असं आपण सगळेच बोलून जातो. ते अर्धंच खरं आहे आणि त्या अर्धवटपणाची किंमत माणसं मोजतात. परीक्षेआधीच्या किंवा ऑपरेशनआधीच्या धडधडीला घाबरतात, आणि दोन वर्षं रोज रात्री मोडणाऱ्या झोपेला मात्र ‘चालायचंच’ म्हणतात. पांढऱ्या पेशींना ताण किती मोठा होता यापेक्षा तो किती दिवस चालला याचा फरक जास्त पडतो. हा फरक आपल्या रिपोर्टात कसा शोधायचा, कशाची नोंद ठेवायची, आणि कुठला आकडा ताणाच्या नावावर कधीच खपवायचा नाही, ते सांगते.

त्यासाठी तुमचे जुने दोन-तीन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट काढून ठेवा. रक्त किती वाजता दिलं ते रिपोर्टवर छापलेलं असेल तर उत्तम, नसेल तर आठवून पेन्सिलने लिहा. सोबत एक वही घ्या.

आधी टक्के बाजूला ठेवा

रिपोर्टात सुरुवातीला पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट असतो आणि खाली त्याची फोड: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. ही फोड बहुतेक वेळा टक्क्यांत असते आणि वाचणारा तिथेच फसतो. शंभरातला एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा आपोआप घटतो, मग ती दुसरी पेशी प्रत्यक्षात जागची हललेली नसली तरी. म्हणून टोटल काउंटला टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा आणि खरा आकडा काढा. काही रिपोर्टांत तो ‘अ‍ॅब्सोल्यूट काउंट’ म्हणून दिलेलाच असतो.

माझ्या त्या सकाळच्या रक्तात टोटल काउंट १०,४०० होता. न्यूट्रोफिल ८२ टक्के, म्हणजे मायक्रोलिटरला ८,५२८. लिम्फोसाइट १३ टक्के, म्हणजे १,३५२. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ६.३ येतात. निरोगी मोठ्या माणसात हे गुणोत्तर साधारण एक ते तीनच्या दरम्यान राहतं. सासऱ्यांचं आजारपण सुरू व्हायच्या आधीचा माझा एक रिपोर्ट सापडला: टोटल ७,२००, न्यूट्रोफिल ५६ टक्के, लिम्फोसाइट ३५ टक्के, इओसिनोफिल ३ टक्के. गुणोत्तर १.६. दोन्ही रिपोर्टांत लिम्फोसाइटचा आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसत होता, पण तो २,५२० वरून १,३५२ वर आला होता. चौकट हजारो लोकांची असते. तुमची तुलना तुमच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी करा, चौकटीशी नंतर.

न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली, इओसिनोफिल जवळजवळ गायब. ताणाची रक्तात उमटणारी खूण ही अशी तिहेरी असते. मात्र एकटी ही खूण काहीही सिद्ध करत नाही, कारण जंतुसंसर्गातही ती दिसते आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही. ती का उमटते हे कळलं तरच तिचा अर्थ लावता येतो.

दोन संप्रेरकं, दोन घड्याळं

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. ग्रंथीच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन येतं आणि सालीतून कॉर्टिसॉल. दोघांनाही आपण ‘ताणाचं संप्रेरक’ म्हणतो, पण त्यांची घड्याळं वेगळी आहेत आणि पेशींशी वागायची तऱ्हाही वेगळी.

अ‍ॅड्रिनॅलिनचं घड्याळ मिनिटांचं. रक्तातल्या सगळ्याच पांढऱ्या पेशी प्रवाहात वाहत नसतात. बऱ्याच पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात, बऱ्याच प्लीहेत असतात. अ‍ॅड्रिनॅलिन सुटलं आणि रक्ताचा वेग वाढला की त्या सुटून प्रवाहात येतात. सगळ्यात आधी धावतात त्या एनके पेशी, म्हणजे विषाणू शिरलेल्या किंवा बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या. त्यांच्या पृष्ठभागावर अ‍ॅड्रिनॅलिन ओळखणारे बीटा-२ ग्राहक भरपूर असतात, त्यामुळे काही मिनिटांतच रक्तातली त्यांची संख्या कित्येक पटींनी चढते. कारण संपलं की तासाभरात ती उतरते, कधी कधी मूळ पातळीच्याही खाली जाते.

कॉर्टिसॉलचं घड्याळ तासांचं. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, त्याने पियूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, ते रक्तातून अधिवृक्काच्या सालीपर्यंत पोचतं आणि तिथे कॉर्टिसॉल तयार होतं. भिंतीला चिकटलेल्या न्यूट्रोफिल कॉर्टिसॉलमुळे सुटतात, अस्थिमज्जेतून नव्या बाहेर येतात, आणि ज्या एरवी लवकर मेल्या असत्या त्या थोड्या जास्त जगतात. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल मात्र रक्त सोडून जातात. १९७४ साली अँथनी फौची आणि डेव्हिड डेल यांनी निरोगी स्वयंसेवकांना हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल देऊन रक्त तपासत राहण्याचा प्रयोग केला होता. चार ते सहा तासांत लिम्फोसाइट तळाला गेल्या आणि चोवीस तासांत परत आल्या. इतक्या थोड्या वेळात इतक्या पेशी मरून पुन्हा जन्माला येत नाहीत. त्या गेल्या आणि परतल्या.

इओसिनोफिलचा उल्लेख मी सुरुवातीपासून करते आहे, त्याला आमच्या कामाचा एक जुना धागा आहे. कॉर्टिसॉल थेट मोजण्याची सोय जेव्हा सहज हाताशी नव्हती, तेव्हा अधिवृक्क ग्रंथी चालते की नाही हे इओसिनोफिल मोजून ठरवत. जॉर्ज थॉर्न यांच्या नावाने १९४८ पासून ओळखली जाणारी ही चाचणी अशी: एसीटीएचचं इंजेक्शन द्यायचं आणि चार तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. इओसिनोफिल निम्म्यावर आल्या तर ग्रंथी ठीक. म्हणजे माझ्या आधीच्या पिढीतल्या तंत्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून कॉर्टिसॉलच मोजलं, पेशींच्या आडून. त्या काचेसमोर बसले असताना मला त्यांची फार आठवण झाली.

या दोन घड्याळांवरून रक्त देतानाचे काही साधे नियम निघतात. धावतपळत येऊन लगेच हात पुढे करू नका, अर्धा तास शांत बसा. आधीच्या रिपोर्टशी तुलना करायची असेल तर रक्त दर वेळी त्याच सुमाराला द्या. कॉर्टिसॉल जागं झाल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात चढतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात खाली असतं. लिम्फोसाइटचा आलेख जवळजवळ त्याच्या उलट चालतो. त्यामुळे सकाळी आठचा आकडा आणि रात्री दहाचा आकडा शेजारी ठेवून ‘वाढल्या’, ‘घटल्या’ म्हणण्यात अर्थ नाही. आणि रक्त देण्याच्या आधीच्या चोवीस तासांत काय घडलं ते वहीत लिहा: रडणं, भांडण, जागरण, पडणं, जोराचा व्यायाम, सगळं.

एक प्रसंग अजून मनातून जात नाही. सुईला घाबरून अर्धा तास जिवाच्या आकांताने रडलेल्या एका लहान मुलाचा टोटल काउंट फार वर आला. नुसत्या रडण्याने काउंट चढतो हे आमच्या कामात जुनंच ज्ञान आहे. मी रिपोर्टवर तशी टीप लिहायचं सुचवलं, पण तिथे तशी पद्धत नव्हती. त्या आकड्यावर मुलाला प्रतिजैविक सुरू झालं. दोन दिवसांनी शांत झोपेतून उठल्यावर घेतलेला काउंट अगदी नेहमीचा होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, ‘येताना काय झालं?’ आणि तुम्हालाही सांगते, कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

रक्तातून गेल्या, मग कुठे आहेत?

शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी कुठल्याही क्षणी रक्तात असतात त्या शंभरातल्या दोनेक. बाकीच्या लसिकागाठींत, प्लीहेत, अस्थिमज्जेत, त्वचेत, आतड्याच्या अस्तरात. रस्त्यावरची माणसं मोजून गावाची वस्ती सांगता येत नाही, तशीच ही गोष्ट आहे. रस्ता रिकामा दिसला तर लोक गेले, असं नाही. कामावर गेले असतील.

फिरदौस धाभर आणि ब्रूस मॅक्युअन यांनी १९९०च्या दशकात उंदरांवर नेमकं हेच तपासलं. काही तासांचा ताण दिल्यावर रक्तातल्या लिम्फोसाइट घटल्या. पण त्याच उंदरांच्या त्वचेवर ओळखीचा बाहेरचा पदार्थ लावला तर तिथली प्रतिक्रिया जास्त जोरकस आली. रक्तातून निघालेल्या पेशी त्वचेत जाऊन तयार बसल्या होत्या. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्यावर हा जोर नाहीसा झाला. मग त्यांनी हाच ताण आठवड्यांवर लांबवला, तेव्हा चित्र उलटलं: त्वचेची प्रतिक्रिया मंदावली. संप्रेरक तेच, प्राणी तेच, काळ तेवढा बदलला.

आता ‘पेशी मरत नाहीत, जागा बदलतात’ हे वाक्य उचलून सरसकट वापरू नका. थायमसमध्ये, म्हणजे छातीच्या हाडामागे जिथे टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) घडतात तिथे, कोवळ्या टी-पेशी कॉर्टिसॉलच्या मोठ्या मात्रेने खरोखर मरतात. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये जे छोटंसं टिपण छापलं त्यात हेच होतं. उंदरांना थंडी, जखम, विषारी पदार्थ असा कुठलाही त्रास द्या, अधिवृक्क फुगते, थायमस आकसतो, जठरात व्रण पडतात. ताण या कल्पनेचा वैद्यकातला प्रवास तिथून पुढचा.

पेशी बहिरी होते तेव्हा

हा भाग सावकाश वाचा, कारण महिनोन् महिन्यांच्या ताणाचं मूळ इथे आहे.

कॉर्टिसॉल मेदात विरघळणारं असल्यामुळे पेशीच्या आवरणातून आत शिरतं. आत पेशीद्रवात त्याचा ग्राहक काही मदतनीस प्रथिनांच्या कुशीत थांबलेला असतो. कॉर्टिसॉल चिकटलं की ग्राहक मोकळा होतो, केंद्रकात जातो आणि जनुकांपाशी बसतो. तिथे तो एनएफ-कप्पा-बी नावाच्या नियंत्रकाला आवरतो. दाह पेटवणाऱ्या रसायनांची, म्हणजे आयएल-१, आयएल-६, टीएनएफ यांची जनुकं चालू करण्यात या नियंत्रकाचा मोठा हात असतो. म्हणजे कॉर्टिसॉल पेशीला सांगतं, पुरे झालं. आणि गंमत म्हणजे हीच आयएल-१ आणि आयएल-६ रसायनं मेंदूपर्यंत पोचून हायपोथॅलॅमसला जागं करतात आणि कॉर्टिसॉल वाढवतात. आग लागली की तिनेच पाणीवाल्याला हाक मारायची, असं हे चक्र आहे.

म्हणून कॉर्टिसॉलला खलनायक ठरवणाऱ्या लेखांचा मला राग येतो. अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या माणसाला साधा ताप-संसर्गही जिवावर बेतू शकतो, कारण आवरणारं कुणी उरत नाही. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसॉलचंच भावंड असलेलं कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत त्या चालू लागल्या. त्यासाठी हेन्च, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइशस्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती अशांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. इथेही प्रश्न चांगल्या-वाईट संप्रेरकाचा नव्हता, वेळेचा होता.

मग लांबलेल्या ताणात काय बिघडतं? घरात एखादं माणूस रोज उठून ओरडत राहिलं तर आठवड्याभरात त्याच्या ओरडण्याला कुणी दाद देत नाही. पांढऱ्या पेशींचं तसंच होतं. कॉर्टिसॉल सतत कानाशी असलं की त्यांचा ग्राहक मंद होतो. ग्रेगरी मिलर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कर्करोग झालेल्या मुलांच्या आईवडिलांचं रक्त तपासलं. परीक्षानळीत डेक्सामेथासोन टाकल्यावर इतर पालकांच्या पेशींनी आयएल-६ जितकं आवरलं, तितकं या पालकांच्या पेशींनी आवरलं नाही. शेल्डन कोहेन यांच्या गटाने २०१२ मध्ये २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून पाहिलं. ज्यांनी अलीकडे दीर्घ ताण काढला होता त्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी जुमानत होत्या, आणि अशांनाच सर्दी जास्त झाली. नाक गळणं, घसा सुजणं ही लक्षणं विषाणूपेक्षा आपल्याच दाहामुळे जास्त होतात, आणि तो दाह आवरणारा आवाज पेशींना नीट ऐकू येईनासा झाला होता.

सुझन सेगरस्ट्रॉम आणि ग्रेगरी मिलर यांनी २००४ मध्ये जवळपास तीनशे अभ्यास एकत्र मांडून पाहिले, तेव्हाही चित्र काळाप्रमाणेच विभागलं गेलं. काही मिनिटांच्या ताणात शरीराची जन्मजात संरक्षणफळी सरसावते. परीक्षेसारख्या काही दिवसांच्या ताणात विषाणूंशी थेट लढणारी बाजू थोडी मागे पडते. वर्षानुवर्षांच्या ताणात जवळपास सगळंच मंदावतं.

वहीत काय लिहायचं

रिपोर्ट म्हणजे एका क्षणाचा फोटो. दीर्घ ताण फोटोत नीट सापडत नाही, त्यासाठी वही लागते. मी चार गोष्टी लिहिते.

झोप. किती वाजता आडवे झालात यापेक्षा सलग किती तास झोपलात ते लिहा. २०१५ मध्ये एरिक प्रेदर, कोहेन आणि सहकाऱ्यांनी १६४ लोकांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग त्यांना सर्दीचा विषाणू दिला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली.

जखम. कापलं, भाजलं, दात काढला, की तारीख लिहा आणि भरून आल्याची तारीख लिहा. हे मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतं, कारण जखम भरण्यासाठी न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज आणि नव्या ऊती बांधणाऱ्या पेशी या सगळ्यांना क्रमाने येऊन आपापलं काम करावं लागतं. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये विस्मरणाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशा जबाबदारीत नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर तसंच केलं, एकदा सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळी सरासरी तीन दिवस जास्त. माझं बोट सासऱ्यांच्या आजारपणाच्या त्या तिसऱ्या वर्षी एका फुटक्या काचपट्टीने कापलं होतं. एरवी आठवड्यात विसरून जावी अशी ती जखम तिसऱ्या आठवड्यातही ओली होती. तोवर मी हे अभ्यास फक्त वाचले होते.

ओठावरची फोडं. हर्पीसचा विषाणू मज्जातंतूच्या पेशीत आयुष्यभर झोपून असतो आणि टी-पेशी त्याच्यावर पहारा देत असतात. तो वर आला की तारीख लिहा. वर्षातून एकदा आणि दोन महिन्यांत तीनदा, यातला फरक बोलका आहे.

आणि ताण कधी सुरू झाला. मी वहीत एक महिन्याला लाल रेघ मारते. ही रेघ मनाची नाही. कोहेन यांच्या १९९८ च्या अभ्यासात एक महिन्याच्या आत आटोपलेल्या मोठ्या ताणाने सर्दीची शक्यता वाढली नाही. महिना किंवा त्याहून जास्त चाललेल्या ताणाने वाढली, आणि त्यातही कामधंद्याच्या चिंतेने आणि जवळच्या माणसांशी चाललेल्या कलहाने ठळकपणे. म्हणून वहीत ‘आज फार ताण’ असं लिहू नका, ‘आज चोविसावा दिवस’ असं लिहा.

रेघ ओलांडली तर

‘ताण घेऊ नकोस’ हा सल्ला मला तीन वर्षं सगळ्यांनी दिला. तो पाळता येत नाही. सासऱ्यांचा आजार माझ्या हातात नव्हता. माझ्या हातात होता तो कॉर्टिसॉलचा रात्रीचा उतार. दीर्घ ताणात हा आलेख सपाट होताना दिसतो, रात्री जितकं खाली जायला हवं तितकं ते जात नाही. आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या गाढ झोपेत, कॉर्टिसॉल तळाला असताना, टी-पेशी लसिकागाठींकडे जातात आणि तिथे नव्या शत्रूची ओळख करून घेतात. टान्या लांगे आणि यान बॉर्न यांनी २००३ मध्ये १९ जणांना हिपॅटायटिस-एची लस दिली. काहींना त्या रात्री झोपू दिलं, काहींना जागं ठेवलं. चार आठवड्यांनी झोपलेल्यांची प्रतिपिंडं जवळजवळ दुप्पट होती. एका रात्रीचा एवढा फरक.

त्यामुळे माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा उपाय: सगळ्या रात्री वाचवता येत नसतील तर आठवड्यातल्या दोन वाचवा, आणि त्यांतला पहिला प्रहर पूर्ण वाचवा. मी नणंदेशी बोलले. फार अवघड गेलं, कारण मदत मागणं म्हणजे आपण कमी पडलो असं मला वाटत होतं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी अण्णांजवळ वन्सं झोपतात आणि मी दुसऱ्या खोलीत, दार लावून. चार महिन्यांनी घेतलेल्या रक्तात गुणोत्तर २.४ होतं आणि काचेवर शंभरात दोन इओसिनोफिल होत्या. एका माणसाच्या दोन काचांवरून शास्त्र ठरत नाही, हे मी जाणते. पण ओठावरची फोडं त्या काळात एकदाही आली नाहीत, हेही वहीत आहे.

लस घ्यायची असेल तर ताण आहे म्हणून पुढे ढकलू नका. शुश्रूषा करणाऱ्यांची फ्लूच्या लसीला मिळणारी प्रतिक्रिया कमी भरते, हे १९९६ मध्ये दिसलं आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि ज्याची प्रतिक्रिया कमी त्यालाच लसीची गरज जास्त. फक्त त्या रात्रीची झोप आधीच ठरवून राखून ठेवा.

माणसं तोडू नका. कोहेन यांच्याच १९९७ च्या अभ्यासात जोडीदार, नातेवाईक, शेजारी, सहकारी, मित्र अशी सहा किंवा अधिक प्रकारची नाती राखणाऱ्यांपेक्षा, तीन किंवा कमी प्रकारची नाती असणाऱ्यांना सर्दीचा धोका चौपटीहून जास्त होता. इथे माणसांची संख्या मोजलेली नाही, नात्यांचे प्रकार मोजलेत. आजारपणात पहिल्यांदा तुटतं ते हेच.

आणि थोडं अंग दमवा. भराभर चालणं, जिने चढणं हाही छोटा ताणच आहे. त्याने एनके पेशी रक्तात येऊन शरीरभर फेरी मारतात आणि तासाभरात परत जातात. सुरू झालेला आणि संपलेला ताण शरीराला ओळखीचा आहे.

प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींवर पैसे घालू नका. पेशींना आवरणारा आवाजच ऐकू येत नसेल तर त्यांना आणखी चेतवून काय मिळणार? स्वतःच्या मनाने कॉर्टिसॉलची तपासणी करून घेऊ नका. दुपारच्या एका नमुन्यातून काही कळत नाही, सुईच्या भीतीनेच तो आकडा चढतो. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल खोटंच जास्त दिसतं. ती चाचणी कुशिंग (कॉर्टिसॉल फार जास्त) किंवा अ‍ॅडिसन (फार कमी) यांसारख्या आजारांची शंका असेल तेव्हा डॉक्टरांनी ठरलेल्या वेळी करायची असते.

हे ताणाच्या नावावर खपवू नका

काचेवर आम्ही आकड्यांपलीकडचंही बघतो. ताणाने वाढलेल्या न्यूट्रोफिल बहुतेक पिकलेल्या असतात, केंद्रकाचे तीन-चार खंड स्पष्ट. संसर्गात अस्थिमज्जा घाईने अर्धकच्च्या पेशी पाठवते, त्यांचं केंद्रक पट्टीसारखं अखंड असतं. दाणे गडद होतात, पेशीद्रवात पोकळ्या दिसतात. रिपोर्टवर ‘बँड फॉर्म्स’, ‘लेफ्ट शिफ्ट’ किंवा ‘टॉक्सिक ग्रॅन्युल्स’ असं लिहिलेलं असेल तर ताणाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ‘ब्लास्ट’ हा शब्द असेल तर तासाचाही उशीर नको.

शांत आठवड्यात, ठरलेल्या वेळी, अर्धा तास बसून दिलेल्या रक्तातही लिम्फोसाइट पुन्हा पुन्हा हजाराच्या खाली येत असतील, तर त्याचं कारण शोधायलाच हवं. काउंट आठवड्यागणिक चढत जात असेल, वजन उतरत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, गाठ लागत असेल, ताप हटत नसेल, तर वही मिटा आणि दवाखान्यात जा. जखम भरत नसेल तर ताणाआधी रक्तातली साखर तपासा.

स्टेरॉइडची गोळी, इंजेक्शन, दम्याचा पंप, त्वचेचं मलम यांतलं काहीही चालू असेल तर रक्त देतानाच सांगा, कारण गोळ्या आणि इंजेक्शनं काचेवर हुबेहूब ताणासारखं चित्र उमटवतात. आणि हा लेख वाचून त्या गोळ्या एकाएकी बंद करू नका. बाहेरून मिळत असल्यामुळे तुमच्या ग्रंथीने कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं आणि तिला जागं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. मात्रा डॉक्टरच उतरवतील, पायरीपायरीने.

डॉक्टरांकडे जाताना शेवटचा एकच रिपोर्ट नेऊ नका. जुने सगळे न्या, तारखेच्या क्रमाने लावून. प्रत्येकावर रक्त दिल्याची वेळ, आदल्या रात्रीच्या झोपेचे तास आणि ताणाचा कितवा दिवस, एवढं पेन्सिलने लिहा.